चौदा तासांच्या सात्या

धानोऱ्याच्या जंगलातल्या त्या गावात सकाळी नऊलाच थंड डब्याची गाडी येऊन उभी राहिली. तिचं भाडं साध्या गाडीच्या तिप्पट, तरी ते परवडायचं. कारण जंगलातल्या सात्या, म्हणजे वारुळावरच्या अळंब्या, तोडल्यापासून चौदा तासांत विमानानं मोठ्या शहरात पोचल्या तर सोन्याच्या भावानं जातात. उशीर झाला की काळ्या पडतात, मग कुत्रंही विचारत नाही. भाडं मात्र भरावंच लागतं. बचत गटाच्या बायांना हे गणित सोमारीनंच शिकवलं होतं.

आणि सोमारी कुठं होती? गावाबाहेर, घरापासून हाकेच्या अंतरावर, कुर्मात! पाळी आलेल्या बाईनं पाच दिवस जिथं वेगळं राहायचं, त्या गळक्या खोपटात. माल चौदा तासांत देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तो पाठवणारी बाई पाच दिवस जागची हलायची नाही. काय म्हणावं या शहाणपणाला! मागच्या दोन पाळ्यांत तिच्यावाचून भरलेला माल नासला होता. तिसऱ्यांदा नासला तर गाडी बंद, असं व्यापाऱ्यानं बजावलं होतं.

कुडाच्या फटीतून तिला दिसलं, नवरा सुनिल सात्या प्लास्टिकच्या थैल्यांत कोंबत होता. पळसाच्या पानांचे थर लावायला वेळ लागतो, आणि ड्रायव्हर धम्मदीप हॉर्नवर हॉर्न देत होता. थैलीत घाम धरला की सगळं संपलं. तिनं तीनदा ओरडून सांगितलं, पण सुनिलनं मान वर केली नाही. कुर्मातल्या बाईकडे पुरुषानं पाहायचं नसतं ना! तिचा जीव नुसता तडफडला. शेवटी ती उठली आणि सरळ गाडीपाशी आली.

सासू सोनीबाई आडवी आली. हिचा हात लागलेल्या मालाला कोणी शिवायचं नाही, देव कोपेल, अशी तिनं सगळ्यांना ताकीद दिली. सोमारीनं थैल्या ओतल्या, पानांचे थर लावले आणि एकेक क्रेट एकटीनं गाडीत चढवला. सुनिल हाताची घडी घालून उभा राहिला. धम्मदीपनं दार लावलं आणि गाडी गेली.

"आता जाय कुर्मात," सोनीबाई म्हणाली. "पुजाऱ्याले समजलं तं गाव आपलं पानी बंद करन."

"सात्या एका दिवसात नासते म्हून तुमी तिच्यासाठी थंडी गाडी बलावता," सोमारी म्हणाली. "मी दर महिन्याले पाच दिवस तिथी सडून राह्यली, ते कोनाले दिसत नाई काय?"

सोनीबाईनं स्वतः तीस वर्षं तेच भोगलं होतं. तरी ती घरात गेली आणि तिनं आतून कडी लावून घेतली.

सोमारी त्याच घराच्या ओट्यावर बसली. पाळीचे चार दिवस अजून बाकी होते, आणि ती तिथून उठणार नव्हती.