झील पडली

कुरवंड्याच्या विहारापुढच्या पटांगणात गाणं असलं, की भामाबाई पुढं आणि हनुमंत मागं, ही जागा ठरलेली. तिच्या हातात डफ, त्याच्या हातात तुणतुणं, बाजूला भिमाजीची ढोलकी. पुढचीनं ओळ टाकायची, मान जराशी मागं वळवायची, आणि तिचा शेवटचा शब्द जमिनीला टेकायच्या आत मागच्यानं तो वर उचलायचा. याला झील म्हणतात. झील म्हणजे गाण्याची पाठ. पुढची कितीही तालेवार असो, मागं झील नसली तर ती एकटी पडते, आणि एकटं गाणं माळावरच्या दिव्यासारखं वारा नेईल तिकडं हलतं. तरण्या वयापासनं हनुमंतानं भामाआक्काची झील कधी खाली पडू दिली नव्हती. अंगात ताप असतानाही नाही, बाप गेला त्या आठवड्यातही नाही.

औंदा संविधान दिनासाठी आक्कानं नवं गाणं बांधलं. चुलीपुढं भाकरी थापता थापताच तिनं ते हनुमंताला ऐकवलं.

जात्याला खुंटा न्हाई, दळू मी कशी बाई,
राज्यात तोंडं लाख, एकाला जीभ न्हाई,
सांगा, जीभ कुनी नेली?

"झील 'कुनी नेली'वर धर," ती म्हणाली. "पार डोंगरापत्तुर गेली पायजे."

"आक्का, लय उघडं झालंय गं."

"मंग काय, गोधडी घालू त्याला?"

हनुमंत हसला.

लोणावळ्यात तो एका बंगल्याची राखण करायचा. जाता-येता बाजारात चिक्कीच्या दुकानावरचा नवाज भेटायचा. पर्यटकांना हाका मारण्यात त्या पोराचा हात धरणारा कुणी नव्हता. मागं एका सभेला परवानगी नाकारली, तेव्हा "का नाकारली?" एवढंच त्यानं फोनच्या स्टेटसला ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला पोलीस ठाण्यातनं बोलावणं आलं. कुणी मारलं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर बसवलं आणि मधूनमधून एकच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" परत आला तो नवाज हाका मारायचा बंद झाला. आता तराजूच्या काट्याकडं बघत माल जोखतो.

ते "घरी कोण कोण असतं" हनुमंताच्या कानात कुसळासारखं रुतलं होतं. घरी बायको चंपा होती, आणि लेक मानसी होती. मानसी सरकारी भरतीची परीक्षा पास झाली होती. फक्त चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यातनं यायचा राहिला होता.

"पोरीचा कागद एकदा सुटू द्या," चंपा म्हणाली होती, "मग तुमी आणि तुमच्या आक्कानं आभाळ फाडा."

गाण्याच्या दिवशी पटांगण भरलं. लेकरं पुढं, बाया डावीकडं, गडी उजवीकडं. आणि गड्यांच्या कडेला एक हवालदार उभा. गाणं सुरू झालं तसा त्यानं फोन वर धरला. उगाच, सहज, लग्नातलं शूटिंग करावं तसा.

"सांगा, जीभ कुनी नेली?"

ओळ पडली. आक्कानं मान वळवली.

हनुमंतानं खाली वाकून तुणतुण्याची खुंटी पिळायला घेतली. तार उतरली असावी तशी. तार जागच्या जागी होती. त्यानं झील उचलली की बाकीचे उचलायचे, ही रीत. त्यानं उचलली नाही, म्हणून कुणीच उचलली नाही. भिमाजीची ढोलकी तेवढी रिकाम्या जागेवरनं वाजत राहिली. आक्कानं पुन्हा एकदा मागं पाहिलं. मग पुढं वळली आणि स्वतःची झील स्वतःच ओढली. म्हातारा गळा वर चढला आणि चढता चढता फाटला.

लोकांनी मायेनं टाळ्या वाजवल्या. बायांतनं कुणीतरी ओरडलं, "काय रं हनुमंता, तार तुटली व्हय?"

"उतरली जरा," हनुमंत म्हणाला.

रात्री चंपानं त्याच्या भाकरीवर तूप जरा जास्तच वाढलं. "बरं केलंत," एवढंच म्हणाली. तिला वाईट म्हणावं असं काही नव्हतं त्यात. पण त्यानं अर्धी भाकरी ताटातच ठेवली.

दोन-तीन दिवसांनी भिमाजी थेट बंगल्याच्या फाटकाशी आला. हनुमंत जास्वंदीला पाणी घालत होता.

"आक्काला ठाण्यात नेलतं," भिमाजी म्हणाला.

"मंग?"

"मंग काय! इच्यारलं, मागं कोन कोन गात व्हतं, नावं सांगा. तर म्हातारी म्हनती, व्हिडिओ तुमच्यापाशीच हाय सायेब, बघा की. माझ्यामागं कुनीबी गायलं न्हाई." भिमाजीनं सुटकेनं मांडीवर थाप मारली. "वाचलो गड्या आपन! तुझ्या तारेनं वाचवलं."

आळं भरलं, पाणी वाटेवर आलं, भिमाजीच्या चपला भिजल्या, तरी हनुमंताच्या हातातली नळी तशीच होती. आपलं गप्प बसणं ठाण्यात दाखल झालं होतं. पुरावा म्हणून. मानसीच्या कागदाला आता धोका नव्हता, आणि याचा आनंदही झाला होता त्याला. क्षणभर, पण झाला होता. त्या क्षणाचीच त्याला जास्त शरम वाटली.

सांजेला तो आक्काकडं गेला. दार सताड उघडं होतं. ती उंबऱ्याशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. चार शिव्या खायच्या, मान खाली घालून खायच्या, असं ठरवून तो आला होता.

"ये. बस. च्या ठेवते."

"आक्का, त्या दिशी तार उतरली न्हवती."

"ठावं हाय. तुझ्या तारेचा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

"ठाण्यात तू आमाला वाचवलंस."

"वाचवलं-बिचवलं काय न्हाई," ती सुपातला खडा उचलून बाहेर टाकत म्हणाली. "खरं व्हतं ते सांगितलं. माझ्यामागं कुनी गायलं का? न्हाई ना?"

शिवी परवडली असती.

"सोमवारी परत बोलावलंय," आक्का म्हणाली. "लय येळ बसवत्यात मेले. आडोशाला जायचं तर पिशवी कुनाच्या हाती द्यायची? येशील का संगं? बोलू नको काय. बाकड्यावर बस नुसता."

समोरच्या रस्त्यानं माणसं घराकडं चालली होती. कुणीतरी गाडी हळू केली, आत पाहिलं, पुढं गेलं. मानसीचा कागद अजून आला नव्हता. घरी कोण कोण असतं, ते विचारणार होते. बाकड्यावर बसलेल्याला तर नक्कीच विचारणार होते.

"येतो," हनुमंत म्हणाला.

"काय म्हनलास?"

त्यानं घसा खाकरला. "येतो म्हनलं. सोमवारी."

रस्त्यापर्यंत काही तो आवाज गेला नाही. उंबऱ्यापर्यंत तेवढा पोचला.

आक्कानं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात रोवून उठली. "एवढ्यानं ठाण्यात ऐकू जायचं न्हाई," म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.