डाव्या दरवाजाचा पोचा

मी बोलतेय, लाल रंगाची जुनी जर्मन गाडी. इंजिन मागच्या बाजूला, दरवाजे दोन, वय एकेचाळीस. वय सांगायची मला लाज नाही. लाज वाटायचीच तर ती दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी.

माझे पहिले मालक एक म्हातारे इंजिनिअर. हातमोजे घालून चालवायचे, खड्डा दिसला की थांबून विचार करायचे! त्यांच्यानंतर मला दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. दर रविवारी बाह्या सरसावून ते स्वतः माझं ऑइल बदलायचे, मला ‘राणी’ म्हणायचे. मी आपली फुशारून जायचे.

मग पांढरी आली. तीही जर्मनच. इंजिन पुढे, अंगावर ओरखडा नाही. वेगात दोघी तोडीस तोड, असं जो तो म्हणायचा. पण धावायची वेळ आली की मी. बाजाराला मी, घाटात मी, लग्नाला मी, मयताला मी. ती आपली कापडाखाली झोपलेली. मला तिची कीव यायची. काय मूर्ख मी!

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी लहान घर घ्यायचं ठरवलं. तिथे गाडीला जागा एकच. कोणती ठेवायची ते ठरवायला जुन्या गाड्यांचे एक पारखी आले, रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन. पांढरीवर ते खूश. माझ्या डाव्या दरवाजाशी थांबले.

“डॉक्टर, इथे रंगाखाली पोचा पुट्टीनं बुजवलाय. गाडी ठोकलीय कुणीतरी.”

मला वाटलं, आता डॉक्टर खरं सांगतील. त्या दिवशी त्यांच्या बाईसाहेबांना कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्याच्या फाटकात घाईघाईनं वळताना डॉक्टरांनी मला खांबाला घासलं. दरवाजा अर्धाच उघडला, त्यातूनच त्या कशाबशा उतरल्या. तासाभरात लेक झाली. दुसऱ्या दिवशी पोच्यावरून हात फिरवत डॉक्टर म्हणाले होते, “राणी, हा मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

“कोण जाणे,” डॉक्टर आता म्हणाले. “मी घेतली तेव्हाच तशी होती. आधीचा मालक बेपर्वा असणार.”

पारख्यापुढे नाक वर राहावं म्हणून त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या नावावर ढकललं!

कागदांची फाइल घेऊन लेक शेजारीच उभी होती. “बाबा, हे माझ्या जन्माच्या दिवशीचं ना? आई दर वाढदिवसाला सांगायची.”

“तू गप्प बस गं. तुला काय कळतंय त्यातलं?”

तिनं फाइल मिटली. पारखी म्हणाले, पांढरी ठेवा, लाल सुट्या भागांसाठी देऊन टाका. डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. मला ट्रकवर चढवलं तेव्हा ते पांढरीवर कापड नीट ओढत होते. लेक तेवढी माझ्या डाव्या दरवाजावर हात ठेवून उभी होती.

आता मी सुट्या भागांच्या दुकानामागे पत्र्याखाली आहे. इंजिन गेलं, उद्या दरवाजे काढणार आहेत. तुमच्यापैकी कुणी डावा नेलात, तर माझ्यासाठी एवढंच करा. कुणी विचारलं तर खरं सांगा: लेकीच्या जन्माच्या घाईत एका बापानं ठोकलाय हा.