शंभर टक्के माहिती

लशीचा खोका गावच्या सभेच्या झोपडीत, मनेआबात, मधोमध चटईवर ठेवला होता आणि त्याला फुलांचा हार घातला होता. बोटीतून उतरल्या उतरल्या नर्स तोआराने बजावलं होतं, "बायांनो, खोक्याला हार नको, सावलीत ठेवा आणि झाकण उघडू नका." पण पाहुणा तो पाहुणा! बायकांनी हार घातला, वर पाहुण्याच्या मानेवर शिंपडतात ती चिमूटभर वासाची पावडरही सवयीने शिंपडली.

शेजारच्या बेटावर गोवर आला होता. तिथे गेल्याच आठवड्यात दोन पोरं पुरली होती. या गावात लस न टोचलेली तान्ही होती तेवीस. खोक्यात बाटल्या तीन, एकेका बाटलीत दहा पोरांपुरती लस. बोट चारच्या भरतीला निघणार होती, नाहीतर लगूनच्या उथळ पाण्यात वाळूवर रुतून बसली असती. आणि पुढची बोट एक महिन्याने. तोआराचा हिशेब सोपा होता: दहाला सुरू करायचं, एकला संपवायचं, नारळपाणी प्यायचं, निघायचं.

पण या खेपेला तिच्याबरोबर इओतेबा आला होता. राजधानीच्या बड्या कचेरीतला अधिकारी, पायात बूट, हातात कर्णा आणि चौदा मुद्द्यांचा कागद. नवा नियम निघाला होता. पालकांना आधी लशीची सगळी माहिती द्यायची, कागदावर सही घ्यायची, मगच सुई. नियमाशी तोआराचं काही भांडण नव्हतं. आपल्या लेकराच्या दंडात काय जातंय ते आईबापाला कळायलाच हवं. पण कागदावर छापलं होतं, 'प्रत्येक मुद्द्यानंतर काही शंका आहेत का, असे विचारावे.' हे लिहिणाऱ्या शहाण्याने जन्मात मनेआबा पाहिला नसणार!

मनेआबा म्हणजे नुसती झोपडी नाही. तिच्यात साती घराण्यांच्या बसायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. तिथे पाहुण्याने काही विचारलं, की साती घराण्यांच्या म्हाताऱ्यांनी ठरलेल्या क्रमाने बोलायचंच. गप्प बसणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आणि बायका-पोरांनी मागे, कडेला बसायचं. त्यांचं जे काही असेल ते त्यांच्या घराण्याचा म्हातारा बोलेल.

"मुद्दा पहिला," इओतेबा कर्ण्यातून गरजला. समोरचा माणूस चार हातांवर होता. "लस म्हणजे काय. काही शंका?"

सात म्हातारे बोलले. पहिल्याने पाहुण्यांचे आभार मानले, दुसऱ्याने पहिल्याचे. तिसऱ्याला इओतेबाचे आजोबा आठवले, ते शार्क कसा पकडायचे तेही आठवलं. इओतेबाची छाती फुगली. तो याच किरिबाती बेटांवर वाढलेला, हे असंच होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कचेरीत त्याचं कुणी दोन वाक्यंही ऐकून घेत नसे, आणि इथे तो बोलला की सात जण मान डोलवत होते! असं सुख कोण सोडेल?

मुद्दा चौथा संपला तेव्हा बारा वाजले.

"साहेब," तोआरा त्याच्या कानाशी पुटपुटली, "जरा आटपा ना."

"नर्सबाई, माहिती हा पालकांचा हक्क आहे."

"पालक मागे बसलेत. पुढे बसलेत त्यांना दात नाहीत, त्यांना कुठली तान्ही पोरं?"

"नियमाप्रमाणे चाललंय," इओतेबा म्हणाला आणि त्याने कर्णा उचलला.

पाचव्या मुद्द्याला एका म्हाताऱ्याने विचारलं, लस कॅथलिकांची की प्रोटेस्टंटांची? त्यावर पाऊण तास गेला. सहावा मुद्दा होता, 'लस पालकांना दाखवावी.' तोआराने जिवावर येऊन एक बाटली काढली. ती एका घराण्याकडून दुसऱ्याकडे हातोहात फिरू लागली आणि तेबानोआजोबांपाशी येऊन थांबली. तेबानोआजोबा म्हणजे गावातले नावाजलेले ताडी काढणारे. ताडी चांगली की उतरलेली, हे ते नुसतं हुंगून सांगत, आणि हुंगल्याशिवाय कशाचीच ग्वाही देत नसत. त्यांनी कमरेची सुरी काढली, बाटलीचं टोपण उडवलं, रबरी बूच उपटलं आणि नाक आत घातलं.

"आजोबा!" तोआरा किंचाळली.

"वास चांगलाय," तेबानोआजोबांनी निवाडा दिला. "माझी हरकत नाही."

सभेने टाळ्या वाजवल्या. तोआराने ती बाटली बाजूला ठेवली. दहा पोरांची लस वाया गेली होती, आणि टाळ्या काही थांबेनात. तिला रडावं की ओरडावं कळेना. तीन पोरं आता उरणार होती.

एवढ्यात कडेला बसलेल्या एका पोरीने हात वर केला. ही कायरा, तेबानोआजोबांची सून, मांडीवर दहा महिन्यांचा मुलगा. तिचा हात सकाळपासून तिसऱ्यांदा वर झाला होता. सासऱ्याने मागे वळून नुसतं पाहिलं. हात खाली गेला.

दहावा मुद्दा होऊन जेवणासाठी सभा थांबली तेव्हा दोन वाजले होते. तोआरा तडक चुलीकडच्या झोपडीत गेली. कायरा नीरफणस निखाऱ्यावर फिरवत होती. आजूबाजूला आठ-दहा आया, कुणाचं पोर काखेत, कुणाचं पाठीवर.

"काय विचारायचं होतं ग तुला?" तोआराने विचारलं.

कायराने वर पाहिलं नाही. "माझ्या मोठ्याला तुम्हीच दुसऱ्या कुठल्या रोगाची सुई दिली होतीत. काही होणार नाही म्हणालात. त्याच संध्याकाळी पोर तापाने फणफणलं. नर्सबाई, तो वाचला, पण त्या रात्री मला वाटलं, मीच मारलं त्याला. सासूबाईही तेच म्हणाल्या. याला काय होणार, ते खरंखरं सांगा."

तोआरा खाली मान घालून बसली. वीस वर्षं ती हेच वाक्य वाटत आली होती. काही होणार नाही. रांग पटपट सरकते त्याने. लाज वाटली तिला, चांगलीच वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. आता ऐक. याला ताप आज नाही, आठवड्याभराने येईल, न येईलही. थोडे लाल ठिपके उठतील. घाबरायचं नाही, अंगावर पाजत राहायचं, मी देते ते औषध द्यायचं. झटका आला, किंवा पोर उठता उठेना, तर तडक दवाखान्याच्या बाईकडे न्यायचं. असं फार क्वचित होतं. आणि गोवर झाला, तर काय होतं ते शेजारच्या बेटावर विचार."

"एवढंच?" कायरा म्हणाली. "मग द्या की!"

"आमच्यांनाही द्या," बाकीच्या म्हणाल्या. भात शिजेपर्यंत सगळं समजलं होतं त्यांना.

तोआरा मनेआबात गेली. म्हातारे पाय पसरून बसले होते. तिने खोक्यावरचा हार काढला आणि खोका उचलला. न विचारता. मनेआबातून एखादी वस्तू अशी उचलायची म्हणजे सात घराण्यांच्या तोंडात मारण्यासारखंच.

"नर्सबाई, अजून चार मुद्दे आहेत!" इओतेबा ओरडला.

"चालू द्या तुमचं. ज्यांची लेकरं आहेत त्यांना मी तिकडे सांगते."

चुलीजवळ रांग लागली. तोआरा प्रत्येकीला सगळं सांगत होती, प्रत्येकीचं ऐकत होती, टोचत होती. कायराची पाळी येण्याआधीच मनेआबातून हाक आली, पाहुण्याला जेवण वाढा. वाढायचा मान तेबानोआजोबांच्या घराचा. कायराने पोर कडेवर मारलं आणि ताटं घेऊन गेली. आधी साहेबांना, मग साती म्हाताऱ्यांना, मग पुन्हा मासे, पुन्हा नारळ, मग अकराव्या मुद्द्यासाठी पाणी.

ती परत आली तेव्हा तोआरा दुसरी बाटली उन्हाकडे धरून पाहत होती. वीस झाली होती. बाटली कोरडी होती.

बोटीचा भोंगा वाजला. इओतेबा हसत बाहेर आला, हातात सह्यांचा गठ्ठा. तेवीस पालकांच्या वतीने सात म्हाताऱ्यांनी सह्या केल्या होत्या. "शंभर टक्के माहिती!" तो म्हणाला. "बेटांवर पहिलं गाव."

मागून तेबानोआजोबा आले. नातवाच्या दंडावर कापूस दिसेना, म्हणून त्यांनी दोन्ही दंड उलटेपालटे करून पाहिले.

"याला दिली ना?"

"नाही, आजोबा," तोआरा म्हणाली. "लस संपली. तुम्ही फोडलीत, त्या बाटलीत याची होती. आता महिनाभर याला कुणा परक्याजवळ नेऊ नका. बोटीवर तर नकोच."

म्हाताऱ्याने नातवाचे दंड सोडले. "फोडली की वाया जाते, हे मला कुणी सांगितलं का नाही? दिवसभर बसलो होतो की मी तिथे!"

कायराने पोराला अंगावर घेतलं.

"मलाही सकाळपासून विचारायचं होतं, मामंजी," ती म्हणाली. "पण बोलायची पाळी तुमची होती."