आजोबांच्या कानातली शांतता

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनं श्रवणयंत्र आहे, शेंगदाण्याएवढं, एका निवृत्त पोस्टमन आजोबांच्या कानामागे बसणारं. कारखान्यात मला बारीक चिमट्यांनी जोडलं, तेव्हा माझं फार कौतुक झालं. घर, बाजार, बैठक, शांत असे ऐकण्याचे कितीतरी प्रकार माझ्यात भरले होते, आणि ते बदलायचे मोबाइलवरून.

आजोबांना त्यातलं काही नको होतं. कानात घालावं, ऐकू यावं, विषय संपला. पण त्यांच्या मुलाला नवं काही हाताशी आलं की चैन पडत नसे. आता कसं वाटतंय, आता कसं वाटतंय, असं विचारत तो सारखा माझ्याशी खेळायचा. पुढे तर ऑफिसात बसूनही मला बदलू लागला. आजोबा बिचारे बरं बरं म्हणत.

एकदा सकाळी ते सहज म्हणाले, रस्त्याच्या गोंगाटानं डोकं उठतं. मुलानं ते मनावर घेतलं. दुपारी, बाबा आडवे झाले असतील असं समजून, त्यानं ऑफिसातून मला 'शांत'वर टाकलं. पण आजोबा तेव्हा नातीला शाळेतून घेऊन घरी निघाले होते. अरुंद गल्लीत एक ट्रक उलटा मागे येत होता. त्याचा भोंगा मला लख्ख ऐकू आला हो! पण गोंगाट दाबायचा, असा हुकूम होता. मी तो दाबला. नात ओरडली, तेही दाबलं. आजोबा आपले रमतगमत चालले होते आणि माझा जीव नुसता तडफडत होता. शेवटी पोरीनं होता नव्हता तो जोर लावून त्यांना ओढलं. दोघं धाडकन पडली. आजोबांची एक चप्पल चाकाखाली गेली.

संध्याकाळी पोरीच्या सोललेल्या गुडघ्याकडे बघत आजोबांनी मला काढून मुलाच्या हातावर ठेवलं. तो काहीतरी समजावत होता. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं.

"हे कान माझे आहेत," ते म्हणाले. "त्यात तुझं बोट नको."

मुलाचा चेहरा उतरला. त्यानं एकच साधा प्रकार ठेवून बाकीचे पुसले, बदलायची सोयही बंद केली आणि मला परत त्यांच्या कानात घातलं. मग भीत भीत विचारलं, तुम्हाला स्वतःला काहीच बदलून नको का?

आजोबांनी नातीला जवळ ओढलं. "एक कर. बाकी काही ऐकू नाही आलं तरी चालेल, हिची हाक तेवढी ऐकू येऊ दे."

मुलानं अख्खा मोबाइल धुंडाळला. ती सोय माझ्यात नव्हतीच.

मित्रांनो, आता माझी बॅटरी लवकर दमते, म्हणून एवढंच मागणं आहे. उद्या तुम्ही यंत्रं बनवाल, दुसऱ्याची सुधारायलाही बसाल. बसा खुशाल. पण ते ज्याच्या कानात राहणार आहे, त्याला आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्या आजोबांना हे विचारायला ट्रक यावा लागला.