शंका असेल तर

"आवो, आटो दारात उभा हाय अन् तुम्ही टीव्हीतच घुसून राहिले!" मीराबाईनं हिरव्या पिशवीची चेन लावली. आत टॉवेल, लुगडं, स्टीलचा पेला. समता कॉलनीतल्या दवाखान्यात आज भरती व्हायचं, उद्या बुधवारी सकाळी तिच्या हर्नियाचं ऑपरेशन.

हरिदास हलला नाही. टीव्हीवर एक कोटवाला ओरडत होता : परदेशातलं जमिनीखालचं मशीन उद्या सुरू होणार, त्यात कणांची टक्कर होणार, त्यातून ब्लॅक होल निघणार, पृथ्वी गिळणार. तीन दिवस हाच धंदा. मधूनमधून साबणाची जाहिरात. जग बुडणार होतं, पण साबण खपायला हवा होता.

हरिदास गुढियारीच्या रेल्वे मालयार्डात मालगाडीचे डबे तपासायचा. हातोडीनं चाक ठोकायचं. खणकन वाजलं की चाक धड. आवाज बसका आला की खडूनं फुली, डबा गाडीतून बाहेर. सतरा वर्षांत त्यानं सोडलेला एकही डबा घसरला नव्हता.

"मीरा, उद्या नको. तू तिथं बेहोश पडशीन अन् इकडं काही झालं तं? पोट्टी कोनाजवळ राहीन?"

"काही होत नाही. काहीबी बकून राहिला तो."

"शंका हाय ना? शंकेत गाडी सोडाची नाही."

"मी का मालगाडी हाव?" ती हसली. मग चार वर्षांच्या रीनाकडे पाहून तिनंच पिशवी खुंटीला टांगली. आटो रिकामा गेला.

बुधवारी काहीच झालं नाही. कोटवाला माफी न मागता दुसऱ्या बातमीवर ओरडू लागला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. अकराव्या दिवशी मीराबाईचं आतडं हर्नियात अडकलं, आतल्या आत सडलं. घाईत, पिशवी न घेताच, मोठ्या इस्पितळात नेलं, तिथून ती परत आली नाही.

अकरा वर्षांनी टीव्हीवर ब्लॅक होलचा पहिला फोटो दाखवत होते. रीना दहावीत, हिंदी शाळेत. आईचं ऑपरेशन काहून टळलं, हे हरिदासनं तिला कधी सांगितलं नव्हतं.

"पापा, देखो! डरो मत, बहुत दूर है।"

"अन् ते मशीन? जमिनीखालचं?"

"वो? बरसों चली। उससे बड़ी टक्कर तो रोज होती है, आसमान से आए कणों की, अपने सिर के ऊपर, हवा में। कुछ नहीं होता।"

"तेव्हाबी होत होती?"

"हमेशा से, पापा।"

हरिदास उठला. खुंटीवर अजून तीच हिरवी पिशवी होती, न उघडलेली. यार्डात मान तिरपी करतो तशी करून त्यानं बोटाच्या पेरानं ती ठोकली.

आतला पेला खणकन वाजला.