हरणी आणि टिटवी

परमेश्वरानं टॉवेलात गुंडाळलेलं हरणाचं पाडस ओट्यावर ठेवलं, तेव्हा त्याची बायको शिवकन्या पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होती. दुपारी मुकादमाचा ट्रॅक्टर येणार होता. मग उन्हाळा लागेपर्यंत दोघं ऊसतोडीला. त्यांची चार वर्षांची लेक अपेक्षा दरसाल सोबत असे. यंदा तिला आजीपाशी ठेवायचं चाललं होतं, आणि शिवकन्येचं मन काही केल्या तयार होत नव्हतं.

"कापसात पडलं होतं. माय टाकून गेली," परमेश्वर म्हणाला.

त्याची आई, केशरबाई, डाळ पाखडायचं सूप बाजूला सारून उठली.

"टाकून न्हाई गेली. होतं तिथं नेऊन ठेव. ती लांब चरती म्हणून लांडग्याला पिलाचा ठाव लागत न्हाई."

"लांब ऱ्हाऊन कसली माय?" शिवकन्या पेटीकडेच बघत म्हणाली. "उन्हाळ्यात टिटवी बघितली की आत्याबाई. वखर अंगावर आला तरी अंडी सोडली न्हाई. ह्यांनीच तेवढी जागा सोडून वखर फिरवला."

"तिची अंडी उघड्यावर. तिला वरडल्याबगर भागत न्हाई. हरणी वरडली तर पिलूच जाईल." म्हातारीनं नातीकडं बोट केलं. "गेल्या साली फडात आपली पोरगी उसाच्या पाचटात निजलेली, आन कुणी तरी पाचट पेटवलं; थोडक्यात वाचली. इसरलीस?"

शिवकन्या विसरली नव्हती.

अपेक्षा पाडसापुढं उकिडवी बसली होती. "आजी, हे हालत कामून न्हाई?"

"माय येईपतूर हालायचं न्हाई, कळतंय त्याला."

नवरा-बायको पाडस ठेवायला रानात गेली. खाली ठेवताच ते कान पाडून मातीला चिकटलं. दोघं लांब बाभळीआड बसली. बऱ्याच वेळानं हरणी आली, तेव्हा कुठं पाडस उठलं.

"आली बघ," परमेश्वर म्हणाला.

"ती आजच्या आज आली," शिवकन्या म्हणाली.

ट्रॅक्टर दारात उभा राहिला तेव्हा अपेक्षा गोधडीवर निजली होती. उठवलं तर रडेल म्हणून केशरबाईनं खुणेनंच जा म्हटलं. शिवकन्येनं वाकून पोरीच्या कपाळावरचे केस सारले. पोर जागी होती. डोळे गच्च मिटलेले, हातपाय पोटाशी घेतलेले, श्वाससुद्धा रोखलेला.

शिवकन्येनं हाक मारली नाही. गोधडीचं टोक पायांवर ओढून ती बाहेर आली.

"निजली का?" परमेश्वरानं विचारलं.

"निजली," ती म्हणाली, आणि ट्रॉलीत चढली.