शेवटच्या उडीची फळी

मी एक जुनी लाकडी फळी आहे. हसू नका, मित्रांनो! फळीचे कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण मी सैनिकी महाविद्यालयाच्या तरणतलावावर, सर्वांत उंच मचाणावर बसवलेली उडीची फळी होते.

सुताराने मला रंधा मारला, पोटभर तेल पाजले आणि पाय घसरू नयेत म्हणून अंगावर काथ्याची चटई ठोकली. मचाणावर बोल्टांनी आवळल्यावर मी पहिल्यांदा खाली पाहिले. एवढा मोठा तलाव, पण वरून ताटाएवढा दिसत होता! 

तिथला नियम कडक होता. पोहता येवो न येवो, पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने माझ्यावरून उडी मारायचीच. बाहेर काढायला पाण्यात पट्टीचे पोहणारे तयार असत. पण तीन संधींत ज्याची उडी झाली नाही, त्याला घरी परतावे लागे. दुसरा नियम पोहण्याच्या मास्तरांचा स्वतःचा होता. मुले त्यांना पाठीमागे ‘बेडूकमास्तर’ म्हणत. ते शिट्टी फुंकून बजावत, “शेवटची उडी होईपर्यंत कुणी अंग पुसायचं नाही!”

एका वर्षी एक किडकिडीत मुलगी आली. सगळे तिला ‘काडी’ म्हणत. तिला वैमानिक व्हायचे होते, पण माझ्यावरून ती दोनदा मागे फिरली होती. तिसरी संधी शेवटची. आज उडी झाली नाही, तर संध्याकाळच्या गाडीने घर. त्या दिवशी बोचरी थंडी होती. बाकी सगळ्यांच्या उड्या झाल्या होत्या. काठावर सगळी तुकडी निथळत उभी होती.

“काडे, लवकर कर गं! आमचा बर्फ झाला इथे!” एक जण ओरडला.

“गप रे! काडे, तू घे तुझा वेळ. महिन्याभराची आंघोळ होतेय माझी,” दुसऱ्याने त्याला दटावले.

मास्तर म्हणाले, “बाळ, पाण्याकडे बघू नकोस. समोर बघ आणि एक पाऊल टाक. बाकीचं काम पृथ्वी करेल.”

तिच्या टाचा माझ्यावर थडथडत होत्या. ती थरथरत होती की मी, तेच कळेना. मास्तरांनी नको म्हटले तरी तिने खाली पाहिलेच. काठावरच्या सगळ्यांचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, पण कठड्यावरच्या कोरड्या टॉवेलांना कुणी हात लावला नव्हता.

“कुणीच पुसलं नाही,” ती पुटपुटली. आणि तिने पाऊल टाकले.

मी कितीतरी वेळ हलत राहिले. मित्रांनो, भीती वाटत असताना टाकलेल्या पावलाचे वजन काही वेगळेच असते. मी ते अंगावर झेलले आहे.

शिकून गेलेली मुले पुढे भेटायला येत. “काय रे, कुठवर पोहोचलास?” मास्तर विचारत, आणि मी कान देऊन ऐके. पाण्याला सर्वांत जास्त घाबरणारा चक्क पाणबुडीवर गेला होता! कुणी बर्फाच्या शिखरांवर पहारा देत होता. एकीने भरल्या नदीवर सैन्यासाठी पूल उभारला. गुडघा दुखावल्याने एकाची वर्दी सुटली, तर तो अग्निशमन दलाचा प्रमुख झाला. एक निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवू लागला. “सैनिक ऐकायचे, ही पोरं ऐकत नाहीत!” तो हसून म्हणे. उडी एकच, जागा एकच, आणि वाटा मात्र किती! मी थक्क होऊन जाई.

पुढे माझ्या अंगात चीर पडली. नवी फळी आली. मला भिंतीकडेला टाकले. तेल नाही की कुणाचे लक्ष नाही. उद्या सरपणात जायचे, असे मी ऐकले. त्याच दुपारी थकलेल्या मास्तरांना भेटायला एक वैमानिक बाई आल्या. आवाजावरून ओळखले. काडी!

ती सांगत होती, “मास्तर, पुरात हेलिकॉप्टरने छपरावरून माणसं उचलत होतो. शेवटचे एक आजोबा दोर धरायलाच तयार होईनात. सोबतचा वैमानिक म्हणाला, मॅडम, वारा वाढतोय, निघू या. मी म्हटलं, अजून कुणी अंग पुसायचं नाही.”

“मग? आले का आजोबा?”

“आले ना! दोर सोडणाऱ्या जवानाला ओरडून सांगायला लावलं, आजोबा, खाली बघू नका, दोर तेवढा धरा. बाकीचं काम यंत्र करेल.”

मास्तरांनी डोळे पुसले. मग काडीची नजर माझ्याकडे गेली. उद्या माझे सरपण होणार, हे मास्तरांकडून कळताच ती म्हणाली, “अहो, हिची मोळी करणार? शोभतं का हे?”

दुसऱ्याच दिवशी सुतार आला. त्याने चिरलेला तुकडा कापला, मला तेल पाजले आणि खाली चार पाय लावले. आता मी तलावाच्या काठावरचे बाक आहे. थंडीत निथळणारी मुले माझ्यावर दाटीवाटीने बसतात आणि वर बघत राहतात.

मित्रांनो, जुन्या लाकडाला कधीमधी तेल द्या, ते पुन्हा उपयोगी पडते. आणि तुमच्यातले कुणी वर एकटे थरथरत उभे असेल, तर टॉवेलला हात लावायची घाई करू नका.